घरच्या घरी स्पार्क प्लग बदलताना: हत्यारे, आटे आणि आवळण्याचे माप

माहुलीकर, सातारा

नमस्कार मंडळी.

गेल्या रविवारी मी माझ्या गाडीचे चारही स्पार्क प्लग घराच्या अंगणात स्वतःच्या हाताने बदलले. काम दोन तास चालले आणि त्यातला पाऊण तास एकट्या तिसऱ्या प्लगने घेतला. त्या पाऊण तासात माझी एक समजूत पक्की झाली आणि तीच मांडण्यासाठी हा धागा काढत आहे: प्लग बदलताना जपायचे असतात ते हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या ज्या झाकणात प्लग बसतो त्याचे, आटे. प्लग काहीशे रुपयांना नवा मिळतो; ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे एकदा गेले की गोष्ट हेड उतरवण्यापर्यंत जाऊ शकते. योग्य हत्यारे, थंड इंजिनाचा आग्रह, हाताने फिरवायचे पहिले फेरे आणि शेवटचे मोजून आवळणे, हे सगळे त्या आट्यांसाठी असते.

गाडी २०१३ची, चार सिलिंडरची, १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक आहे. ती ८२ हजार किलोमीटर धावली असून आधीचे प्लग ४१ हजारांवर एका गॅरेजमध्ये बदलले होते. पुण्याहून परतताना शिरवळपर्यंत ती अगदी सुरळीत चालली, पण खंबाटकीचा चढ लागला आणि तिसऱ्या गिअरमध्ये जरा जोर मागितला की हिसके देऊ लागली. दुसऱ्या दिवशी यवतेश्वरच्या घाटातही तोच अनुभव आला. सपाटीवर तक्रार नाही आणि चढावरच का, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ठिणगीला प्लगच्या टोकाची फट ओलांडायची असते आणि त्या क्षणी त्या फटीत दाबलेले मिश्रण असते. चढावर थ्रॉटल अधिक उघडलेला असल्यामुळे सिलिंडरमध्ये मिश्रण अधिक भरते, ठिणगीच्या क्षणीचा दाब वाढतो, आणि दाब जितका जास्त तितके फट ओलांडायला व्होल्टेजही जास्त लागते. त्यातच इलेक्ट्रोड झिजून फट रुंदावलेली असेल तर ठिणगीचे व्होल्टेज पुरवणाऱ्या कॉइलची ताकद नेमकी घाटात कमी पडते. माझ्या गाडीला १.१ मिमी फट सांगितलेली आहे. काढलेल्या प्लगांवर ती १.४ मिमीच्या आसपास भरली.

हत्यारांबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. प्लगचा षटकोन बहुतेक आधुनिक गाड्यांत १६ मिमीचा असतो, जुन्या गाड्यांत २०.८ मिमीचा, आणि काही नव्या गाड्यांत १४ मिमीचा. त्यासाठी प्लगचेच सॉकेट घ्यावे, कारण त्याच्या आत रबर किंवा चुंबक असते आणि प्लग त्यात धरून राहतो. साधे खोल सॉकेट वापरले तर काढलेला प्लग विहिरीतून, म्हणजे तो ज्या खोल भोकात बसतो त्यातून, वर येत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे नवा प्लग वरून सोडावा लागतो. पडलेल्या प्लगचा बाहेरचा इलेक्ट्रोड दबून फट मिटते, किंवा चिनीमातीला डोळ्यांना न दिसणारी चीर जाते. म्हणूनच जमिनीवर पडलेला नवा प्लगही मी बसवत नाही. सॉकेटबरोबर १५ आणि २५ सेंटिमीटरचे एक्स्टेन्शन, रॅचेट, कॉइलच्या बोल्टसाठी १० मिमीचा पाना, फट मोजायला तारेचे गेज, टॉर्च आणि वीतभर लांबीचा पेट्रोलचा रबरी पाइप एवढे लागते. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या मापाला आवळायचा पाना, माझ्याकडे आहे. त्याविषयी खाली लिहितो.

इंजिन रात्रभर थंड होऊ दिले. गरम ॲल्युमिनियम मऊ असते आणि गरम हेडमधून प्लग ओढून काढताना आटे त्याच्याबरोबर येण्याची भीती असते, त्यामुळे बाजारातून आल्याआल्या बॉनेट उघडून या कामाला बसू नये. आधी एकेका कॉइलचे कनेक्टर काढले, बोल्ट सोडले आणि कॉइल किंचित पिळून सरळ वर घेतली. प्लगला हात लावण्यापूर्वी विहिरीतली धूळ उडवून टाकणे फार महत्त्वाचे आहे. आपल्याकडच्या मुरमाची तांबडी धूळ विहिरीच्या तळाशी प्लगच्या कडेला बसलेली असते आणि प्लग सुटला की ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. मी हवा भरायच्या पायपंपाच्या नळीने फुंकले. चष्मा लावला होता म्हणून डोळे वाचले.

पहिला, दुसरा आणि चौथा प्लग विनासायास निघाले. तिसरा मात्र पाव फेरा फिरला आणि कोरडा किर्र आवाज करून थांबला. रॅचेटला पाइप लावून जोर करायचा मोह झाला, तो आवरला. तळाशी गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडले, वीस मिनिटे थांबलो, मग तो आधी किंचित आवळून आणि मग सोडून, पुन्हा किंचित आवळून आणि थोडा अधिक सोडून, असा पुढे-मागे करत बाहेर काढला. त्याच्या आट्यांच्या खोबणीत चंदेरी कण चिकटलेले होते आणि वॉशर इतका चेपला होता की त्याची घडीच दिसत नव्हती. म्हणजे मागच्या वेळी तो बेसुमार आवळला गेला होता. टॉर्चने पाहिले तेव्हा हेडमधले वरचे दोन आटे थोडे खरवडलेले दिसले.

नवा प्लग बसवताना रबरी पाइप कामाला आला. प्लगच्या वरच्या टोकावर पाइप खोचायचा, प्लग विहिरीत सोडायचा आणि आधी उलट दिशेने फिरवायचा. आटे एकमेकांच्या सुरुवातीला आले की बोटांना एक बारीक 'टक्' जाणवते, आणि तिथून सरळ फिरवायला सुरुवात करायची. आटा तिरका बसू लागला तर पाइप प्लगवर घसरतो. रॅचेट घसरत नाही, ते हेड कापत पुढे जाते. माझ्या प्लगच्या आट्यांची लांबी १९ मिमी आणि दोन आट्यांतले अंतर १.२५ मिमी आहे, म्हणजे पूर्ण बसायला सुमारे १५ फेरे लागतात. मी ते मोजले. चौथ्या-पाचव्या फेऱ्यालाच प्लग घट्ट झाला तर तो बसलेला नाही, अडकलेला आहे, असे समजून परत काढावा. तिसरा प्लग दोनदा परत काढावा लागला आणि तिसऱ्या वेळी शेवटपर्यंत हलका गेला. शेवटी टॉर्क रेंचने २५ न्यूटन-मीटरला आवळला.

आता गाडी यवतेश्वरचा घाट एका दमात चढते. तरीही तिसऱ्या प्लगची काळजी मनातून जात नाही. ज्यांनी असे आटे हाताळले आहेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कृष्णाकाठ, वाई

माहुलीकर, फेरे मोजण्याची गोष्ट प्रथमच वाचली आणि पटली. एक शंका आहे. हिसके कॉइलमुळेही येतात. दोष प्लगचा आहे की कॉइलचा, हे आपण कसे ठरवले? माझ्या गाडीत इंजिनचा दिवा लागतो आणि दुकानदार चारही कॉइल बदलायला सांगतो.

माहुलीकर, सातारा

चारही कॉइल एकदम बदलायची गरज सहसा पडत नाही. ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारा, छोटा रीडर गाडीतल्या सॉकेटला लावून मोबाईलवर कोड वाचावा. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर (मिश्रण नीट न पेटणे), पी०३०३ म्हणजे तिसऱ्यात. शेवटचा आकडा सिलिंडरचा असतो. समजा पी०३०३ आला, तर तिसऱ्या आणि पहिल्या सिलिंडरची कॉइल आपसांत बदलावी, कोड पुसावा आणि गाडी घाटात नेऊन आणावी. आता पी०३०१ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. कोड तिसऱ्यावरच राहिला तर प्लग पाहावा, आणि प्लगही बदलून पाहिल्यावर तोच कोड आला तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशनकडे वळावे. माझ्या गाडीत कॉइल फिरवूनही कोड जागचा हलला नाही, म्हणून मी प्लग काढले.

मात्र झिजलेला प्लग दीर्घकाळ तसाच चालवला तर कॉइलवर ताण येतो आणि पुढे तीही जाते. त्यामुळे कॉइल खराब निघाली तरी त्या सिलिंडरच्या प्लगची फट अवश्य मोजावी. फट मोजताना जुन्या प्लगवर पातीचे गेज वापरू नये. झिजलेल्या इलेक्ट्रोडला मध्ये खळगा पडलेला असतो, पाती त्या खळग्याच्या वरून सरकते आणि फट आहे त्यापेक्षा कमी दाखवते. तारेचे गेज खळग्यात उतरते.

कुपवाड_लेथ, सांगली

माहुलीकर साहेब, मी कुपवाडच्या एमआयडीसीत गेली अनेक वर्षे लेथवर काम करतो आणि गेलेल्या आट्यांचे हेड माझ्याकडे वरचेवर येते. तुम्ही तेल सोडून पुढे-मागे करत प्लग काढलात, हेच बरोबर केलेत. जोर लावला असता तर आटे प्लगला चिकटूनच वर आले असते.

आवळण्याविषयी माझे मत ठाम आहे. वॉशरचा, १४ मिमी आट्यांचा प्लग ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटरला बसतो. १२ मिमी आट्यांना १५ ते २० पुरतात आणि १० मिमीच्या बारीक प्लगला १० ते १२. ज्या प्लगला वॉशर नसतो, बूड निमुळते शंकूसारखे असते, त्याला तर १४ मिमीलाही १० ते २० पुष्कळ होतात; तो वॉशरच्या प्लगसारखा आवळला की पुढच्या वेळी निघत नाही. टॉर्क रेंच नसेल तर प्लगच्या डब्यावरचे चित्र पाहावे. १४ मिमीच्या नव्या प्लगचा वॉशर बोटांनी टेकेपर्यंत फिरवून त्यापुढे अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, आणि तोच प्लग परत बसवायचा असेल तर वॉशर आधीच चेपलेला असल्यामुळे फेऱ्याचा बारावा भाग, म्हणजे घड्याळातले एका आकड्यापासून पुढच्या आकड्यापर्यंतचे अंतर. नव्या वॉशरला जपून आवळताना हाताला स्पष्ट कळते. तो पोकळ घडीचा असतो, त्यामुळे आधी मऊ, किंचित लवचिक असे फिरणे लागते आणि मग एका जागी ते घट्ट होते. त्या जागेच्या पुढे हात जाऊ देऊ नये.

सैल प्लगही तितकाच वाईट. प्लगची उष्णता बहुतांशी वॉशर आणि आटे यांतूनच हेडमध्ये जाते. वॉशर नीट टेकला नाही तर टोक तापत राहते, आणि ते साधारण ८५० अंश सेल्सिअसच्या वर गेले की ठिणगीआधीच मिश्रण पेटू लागते. अशा इंजिनाचा पिस्टन मी भोक पडलेला पाहिला आहे.

टॉर्क रेंच विकत घेणाऱ्यांनी त्याचा पल्ला पाहून घ्यावा. चाकांच्या नटांसाठीचा मोठा रेंच पल्ल्याच्या अगदी तळाशी भरवशाचा राहत नाही, म्हणून २५ न्यूटन-मीटर ज्याच्या पल्ल्याच्या मध्यावर येईल असा लहान रेंच घ्यावा आणि काम झाले की त्याची स्प्रिंग सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवावी.

गुळाची_पेठ, कराड

सर्वांना नमस्कार. आमच्याकडे पूर्वीपासून प्लगच्या आट्यांना थोडे ग्रीस किंवा तांब्याचे अँटीसीझ लावून बसवायची पद्धत आहे, म्हणजे पुढच्या वेळी प्लग सहज निघतो. माहुलीकरांनी तसे केले असते तर तिसरा प्लग अडकला नसता असे मला वाटते.

कुपवाड_लेथ, सांगली

दादा, तुमच्या पद्धतीमागचा हेतू चांगला आहे, पण आजच्या प्लगवर ती उलटते. प्लगच्या लोखंडी भागावर निकेल किंवा जस्ताचा मुलामा असतो आणि तो आटे अडकू नयेत म्हणूनच दिलेला असतो. टॉर्क रेंच दाखवतो त्या आकड्याचा बराचसा भाग घर्षणात जातो. आटे तेलकट केले की घर्षण कमी होते, पण आकडा तोच राहतो आणि उरलेली सगळी ताकद प्लगला ओढण्यात खर्च होते. म्हणजे कोरड्या आट्यांसाठी ठरवलेले २५ न्यूटन-मीटर तेलकट आट्यांवर कितीतरी अधिक आवळतात. असा प्लग ताणला जातो, कधी षटकोनापाशी तुटतो आणि खालचा भाग हेडमध्येच राहतो. माझ्याकडे आलेल्या तुटक्या प्लगांपैकी बरेचसे ग्रीस लावलेले होते.

जुने, मुलामा नसलेले काळे प्लग होते तेव्हा तुमची पद्धत योग्य होती. आता आटे कोरडे आणि स्वच्छ ठेवावेत. ग्रीस लावायचेच असेल तर विद्युतरोधक सिलिकॉन ग्रीस कॉइलच्या रबराच्या आतल्या कडेला बोटाच्या टोकाएवढे लावावे, म्हणजे रबर चिनीमातीला चिकटत नाही आणि पावसाळ्यात ओल आत शिरत नाही. ते आट्यांवर येऊ देऊ नये.

हळदबाजार, सांगली

माझ्याकडे टॉर्क रेंच नाही आणि वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूवर तेवढे पैसे घालावेसे वाटले नाहीत. मी जे केले ते सांगते; त्यात चूक असेल तर दाखवावी.

घरात प्रवासाच्या बॅगा तोलायचा आकडा असलेला छोटा डिजिटल काटा आहे. २५ न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला सुमारे २.५५ किलोची ओढ. रॅचेटच्या चौकोनाच्या मध्यापासून मूठ बरोबर २० सेंटिमीटरवर खुणेने बांधली, तिथे काट्याचा आकडा अडकवला आणि काटकोनात हळूहळू ओढले. काटा १२.७ किलोवर आला की थांबायचे. माझ्या गाडीचे प्लग १२ मिमी आट्यांचे, १७ न्यूटन-मीटरचे आहेत, म्हणून मी ८.७ किलोवर थांबले. दुसऱ्या हाताने रॅचेटचे डोके धरून ठेवले म्हणजे एक्स्टेन्शन कलत नाही. ओढ काटकोनात नसेल तर आकडा फसवतो, एवढे सांभाळावे लागते. चारही प्लग मी असेच बसवले.

माझी गाडी सीएनजीची आहे आणि तिच्याबद्दल एक वेगळी गोष्ट नोंदवावीशी वाटते. सीएनजीच्या मिश्रणातून ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, आणि द्रवरूप इंधन वाफ होताना जी थोडी उष्णता शोषून घेते तो थंडावाही इथे मिळत नाही. त्यामुळे सीएनजीवर प्लग लवकर झिजतात आणि चढावर मिसफायरही लवकर जाणवते. पेट्रोलवर सुरळीत, सीएनजीवर हिसके, असे झाले की मी प्रथम प्लगच पाहते. कारखान्यातूनच सीएनजी बसवून आलेल्या गाडीच्या पुस्तिकेत कधीकधी फट वेगळी दिलेली असते. पेट्रोलच्या मापावर विसंबू नये.

कुपवाड_लेथ, सांगली

ताई, हिशेब अगदी बरोबर आहे. एक्स्टेन्शन सरळ असेल तोवर त्याच्या लांबीने मापात फरक पडत नाही. मध्ये फिरता सांधा लावला असेल तर मात्र वाकलेल्या कोनात ही ओढ खरी राहत नाही.

सज्जनगड_पायथा, सातारा

माझा प्रश्न प्लगच्या निवडीचा आहे. माझ्या जुन्या गाडीला एनजीकेचा ६ क्रमांकाचा प्लग होता. दुकानात तो नव्हता, म्हणून बॉशचा ६ क्रमांकाचा घेतला. दोन्हीवर ६ आहे म्हणजे एकच असावे, असे मानून बसवला तर चालेल काय? शिवाय इरिडियम घ्यावे की साधे निकेल?

माहुलीकर, सातारा

कृपया तो बसवू नका. प्लगवरचा हा आकडा त्याची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता सांगतो आणि दोन कंपन्यांची मोजणी परस्परविरुद्ध दिशेने चालते. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग अधिक थंड होतो, बॉशमध्ये आकडा वाढला की अधिक गरम. एनजीकेच्या ६ च्या जवळचा बॉशचा प्लग ७ आहे आणि डेन्सोचा २०. थंड प्लगचे टोक साधारण ४५० अंशांपर्यंत तापले नाही तर त्यावरची काजळी जळून जात नाही. अति गरम प्लगचे परिणाम वर सांगितले गेलेच आहेत.

एनजीकेचा कोड वाचता आला तर पुष्कळ चुका टळतात. उदाहरणार्थ बीपीआर६ईएस-११: बी म्हणजे १४ मिमी आटे, पी म्हणजे पुढे आलेले टोक, आर म्हणजे आत रोधक बसवलेला, ६ ही उष्णता श्रेणी, ई म्हणजे १९ मिमी लांबीचे आटे आणि शेवटचे ११ म्हणजे १.१ मिमी फट. यातले ई अक्षर सर्वांत जपायचे. १२.७ मिमी लांबीच्या हेडमध्ये १९ मिमीचा प्लग बसवला तर तो पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला लागू शकतो. उलट केले तर हेडचे उघडे राहिलेले आटे काजळीने भरतात आणि पुढे योग्य लांबीचा प्लग आत जात नाही. आर अक्षराकडेही दुर्लक्ष करू नये, कारण रोधक नसलेल्या प्लगमुळे रेडिओत खरखर येते आणि इंजेक्शनच्या गाड्यांत नियंत्रण युनिटलाही अडथळा होतो.

इरिडियमविषयी एवढेच म्हणेन की गाडीला मुळात तेच दिलेले असेल तर तेच घ्यावे. इरिडियम सुमारे २,४४६ अंशांना वितळते आणि निकेल १,४५५ अंशांना, त्यामुळे इरिडियमचे टोक ०.६ किंवा ०.४ मिमी इतके बारीक ठेवता येते. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडते आणि प्लग निकेलच्या दुपटी-तिपटीने टिकतो. परंतु त्याची फट नाण्यासारख्या गोल गेजने उचकटून वाढवू नये; ते टोक ठिसूळ असते आणि तुटते. साध्या निकेलच्या प्लगची फट फक्त बाहेरचा इलेक्ट्रोड हलकेच वाकवून जुळवावी, मधल्या इलेक्ट्रोडवर भार देऊ नये.

मिरजेचा_तंबोरा, मिरज

प्लग काढता येणे हे केवळ देखभालीपुरते नाही, हे आम्ही २०१९च्या ऑगस्टमध्ये शिकलो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती आणि माझ्या मेहुण्यांची गाडी तीन दिवस बॉनेटपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर शेजारच्या एकांनी आपली गाडी बॅटरी जोडून सुरू करून पाहिली. एक जड आवाज आला आणि इंजिन जागच्या जागी थांबले. सिलिंडरमध्ये पाणी भरलेले होते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे वर येणाऱ्या पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकला.

मेहुण्यांच्या गाडीला आम्ही चावी लावलीच नाही. विहिरींतले पाणी आधी कापडाने आणि सिरिंजने काढले, चारही प्लग बाहेर घेतले आणि क्रँकच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवले. दुसऱ्या सिलिंडरच्या भोकातून गढूळ पाण्याची पिचकारी उडाली. त्या भोकांवर कोणी वाकून पाहू नये, ही सूचना मी आवर्जून देतो. पाणी येणे थांबल्यावर प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल सोडले, पुन्हा हाताने फिरवले, इंजिनचे तेल आणि फिल्टर बदलले आणि मगच नवे प्लग बसवले. ते इंजिन आजही चालू आहे. नदीकाठच्या प्रत्येकाच्या घरात १६ मिमीचे प्लग सॉकेट असावे असे मला मनापासून वाटते.

कृष्णाकाठ, वाई

माहुलीकरांनी सांगितल्याप्रमाणे कॉइल फिरवून पाहिली. कोड पहिल्या सिलिंडरवरच राहिला, म्हणून आज प्लग काढले. तीन प्लगांचे टोक फिकट तपकिरी आहे. पहिल्या प्लगची चिनीमाती बाहेरून तेलाने माखलेली होती आणि विहिरीत तळाशी बोटभर तेल साचले होते, पण त्याचे टोक मात्र कोरडे आहे. शिवाय चारही प्लगांवर चिनीमाती आणि लोखंड जिथे मिळते तिथे तपकिरी कडे उमटले आहे. तिथून गॅस गळत आहे काय?

माहुलीकर, सातारा

फिकट तपकिरी टोक हे चांगल्या जळणाचे लक्षण आहे. ते तपकिरी कडेही दोष नव्हे. उच्च व्होल्टेजमुळे चिनीमातीच्या त्या भागाभोवती हवेतले तेलाचे सूक्ष्म कण ओढले जातात आणि चिकटतात. गळतीचा डाग असता तर तो कड्यासारखा सारखा न उमटता वर ओघळल्यासारखा दिसला असता.

विहिरीतले तेल मात्र दुर्लक्ष करण्यासारखे नाही. टोक कोरडे आहे म्हणजे तेल सिलिंडरमधून आलेले नाही, ते वरून, टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून किंवा प्लगच्या नळीच्या सीलमधून उतरले आहे. त्या तेलाने कॉइलचे रबर फुगते, ठिणगी फट सोडून रबराच्या कडेने हेडकडे निसटते आणि पहिल्या सिलिंडरचा कोड येतो. गॅस्केट आणि सील बदलून घ्या, विहीर पूर्ण पुसा, रबर फुगले असेल तर तेही बदला. टोक ओले, काळे आणि तेलकट निघाले असते तर मी व्हॉल्व्हच्या सीलकडे किंवा पिस्टनच्या रिंगांकडे बोट दाखवले असते. काळे पण कोरडे, हाताला काजळी लागणारे असते तर मिश्रणात इंधन जास्त आहे किंवा गाडी बहुधा जवळजवळच्या फेऱ्यांत आणि थांबून-थांबून चालते, असे म्हटले असते.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. कुपवाड_लेथ, वरचे दोन आटे खरवडलेले आहेत, प्लग १५ फेरे हलका गेला आहे आणि २५ न्यूटन-मीटरला धरला आहे. हेड आताच दुरुस्त करून घ्यावे काय?

कुपवाड_लेथ, सांगली

आत्ता हात लावू नका. पंधरापैकी तेरा आटे धरून आहेत आणि वॉशर मापाला बसला आहे, म्हणजे पकड पुरेशी आहे. विनाकारण काढ-घाल केली तर उरलेल्या आट्यांनाच त्रास होईल. महिन्याभराने इंजिन थंड असताना विहिरीत टॉर्च धरून पाहा. प्लगच्या बुडाशी काजळीचा काळा ओघळ दिसला किंवा चालू इंजिनात तिथून टिक-टिक असा बारीक आवाज आला, तरच तो सैल आहे.

पुढे कधी तो आवळताना मापाला न पोहोचता फिरतच राहिला, तर मात्र तिथेच थांबा आणि गाडी ओढून आणा. भोक मोठे करून नवे आटे पाडायचे आणि त्यात पोलादी वेटोळे किंवा भरीव बुश बसवायची. बहुतेक वेळा हे काम हेड न उतरवता होते. आटे पाडायच्या टॅपच्या खोबणीत घट्ट ग्रीस भरून प्रत्येक दोन फेऱ्यांनी तो बाहेर काढून पुसावा लागतो, म्हणजे ॲल्युमिनियमचा चुरा सिलिंडरमध्ये पडत नाही. नुसता टॅप फिरवून घाईने काम उरकणाऱ्याकडे ते देऊ नका, आणि शेजारी उभे राहून ग्रीस लावलेले स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.